आप्पांची आंघोळ आणि हीट पंप

११ डिसेंबर

आप्पा आज पुन्हा म्हणाले, "मला साताऱ्याला धाडून दे. इथलं पाणी गार लागतं." मी एकुलता एक मुलगा इथे, लखनौत — तिथे त्यांचं कोण बघणार? आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय घास नाही. रोज बारा वाजतात. शहाऐंशीव्या वर्षी उपाशी! नाही पाठवणार.

जुना गीझर दोन बादल्यांत दमतो. मोठा लावावा तर मोटार चालू केली की एमसीबी पडणार. काहीतरी वेगळं शोधायला हवं.

१३ डिसेंबर

हीट पंप! हवेतलीच उष्णता ओढून पाणी तापवतो, वीज गीझरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच. शेजारचे श्रीवास्तवजी गच्चीवरून हसले — "भाईसाहब, जाड़े में हवा खुद ठिठुर रही है। गरमी कहाँ से खींचेगा?"

मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात बत्तीस वर्षं घालवली मी. म्हणे थंडीत हवाच कुडकुडते! मला शिकवतात!

१९ डिसेंबर

आठवडाभर मागच्या व्हरांड्यातलं तापमान टिपतोय. पहाटे आठ-नऊ अंश. श्रीवास्तवजी अगदीच चूक नाहीत. (त्यांना सांगणार नाही.)

घरातल्या बादल्याही मोजल्या. बायको विनीता दोन, आप्पा दीड. प्रणव शॉवरखाली किती वेळ असतो ते देवच जाणे. दार वाजवलं तर आतून ओरडला, "पापा, अब नहाने का भी ऑडिट होगा?" मराठी सगळं कळतं लेकाला, बोलायला तोंड दुखतं.

२० डिसेंबर

सापडलं!! पंप पहाटे चालवायचाच कशाला? दुपारी दोनला व्हरांड्यात एकोणीस अंश असतात. तेव्हा तापवायचं, टाकी सकाळपर्यंत धरून ठेवते. विनीताला कोठीत हवा होता, पण तो गार हवा फेकतो, मोकळी जागा मागतो. व्हरांडाच. ठरलं!

५ जानेवारी

बसला. फ्रिजएवढाच घुमतो.

६ जानेवारी

जिंकलो! बाहेर धुकं, सहा अंश, त्यात पहाटेपासून लाइट गेलेली — आणि टाकीत एक्कावन्न!

आप्पा आत, मी दाराशी उभा राहून आकडे सांगतोय. साडेसहाला आंघोळ, सातला पूजा, साडेसातला उपमा. दोनदा मागून घेतला! श्रीवास्तवजी बादली घेऊन आले. भरून दिली. म्हटलं, "गरमी यहीं से खींची है।" विनीता म्हणाली, "आता त्या पंपालाच हार घाला." घातलाही असता.

७ जानेवारी

उजाडताच श्रीवास्तवजींना पंप दाखवायला बसलो. मॉडेल नंबर लिहून नेला त्यांनी! आत आलो तर दहा वाजलेले, आप्पा पारोसेच. "पाणी गार असेल." एकोणपन्नास अंश! थर्मामीटर त्यांच्या नाकाखाली धरला. नको तेवढं बोललो. त्यांनी पंच्याची घडी घालून मांडीवर ठेवली.

८ जानेवारी

आप्पा सकाळी हळूच म्हणाले, "पाणी कधीच गार नव्हतं रे. आत एकटा असताना घसरून पडलो तर कळणार कुणाला?"

दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. आतून स्तोत्र ऐकू येत होतं. थांबलं की मी "आप्पा?" आणि आतून — "आहे रे, आहे!"