सात शर्टांच्या बाह्या

३ मार्च, मंगळवार

गेले एकदाची त्या वर्गाला! हॉस्पिटलचा तळमजला, एक्स-रेच्या शेजारची खोली. अकरा खुर्च्या, सात माणसं आणि एक प्रोजेक्टर — तो शेवटपर्यंत चालू झाला नाही. वर्ग कशाचा, तर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरी कसं सांभाळायचं. शिकवणाऱ्या बाई सारख्या हसतात. मी मनात त्यांचं नाव हसऱ्या बाई ठेवून टाकलं. त्यांनी एकेक पुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर म्हाताऱ्या हातावर ठेवलेला तरुण हात, नखं छान रंगवलेली. त्या हाताने कधी कुणाची चादर बदलली असेल असं मला वाटत नाही.

पान चार — वाद घालू नका. पान पाच — चूक दाखवू नका. पान सहा — त्यांच्या जगात शिरा.

आईच्या जगात मी कधीच शिरलेय. तिथे मी तिची मुलगी नाही, तिच्या दुकानात शिवायला ठेवलेली बाई आहे. आणि कामात कच्ची!

४ मार्च

धाकटीने आणखी तीन लिंक पाठवल्या. एक व्हिडिओ पाऊण तासाचा. खाली लिहिलंय, "ताई, हा नक्की बघ, फार उपयोग होतो." फार उपयोग होतो म्हणे! हिला काय ठाऊक? पाच तासांच्या अंतरावर बसून बहीणबाई मला शिकवणार, आईला आंघोळीला कसं तयार करायचं. दीड वर्षात या घराचं तोंड पाहिलेलं नाही. महिनाभर ये म्हटलं तर, "नाही गं जमत." का नाही जमत? "नाही जमत." नवरा चांगल्या हुद्द्यावर, मुलगा शिकायला बाहेर. घरात दोन माणसं, आणि हिला जमत नाही.

८ मार्च, रविवार

आईने आज सात वेळा विचारलं, "थोरली शाळेतून आली का?"

थोरली म्हणजे मी. छप्पन्न वर्षांची.

पुस्तिकेप्रमाणे पहिल्या सहा वेळा म्हणाले, "येईलच एवढ्यात." सातव्यांदा तोंडातून निसटलं — "आई, मीच थोरली!" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, थट्टा पुरे. मशिनवर बसा."

बसले.

१० मार्च, मंगळवार

वर्ग. आजचा विषय: ओळखीचं काम हाती द्या. माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर बसतात, बायकोला सांभाळतात. हसऱ्या बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही वाद टाळता ना?" तर म्हणाले, "छे हो! रोज भांडतो. फक्त रोज हरतो." सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी!

घरी आले तर संस्थेचा फोन. शहराबाहेरची ती संस्था, जिथे अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. खाट रिकामी झालीय. एकच. एकतीस तारखेपर्यंत आईसाठी धरून ठेवतो म्हणाले. दोन्ही मुलींच्या सह्या लागतील. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवला आणि चहा टाकला. रडायला हवं होतं का?

११ मार्च

धाकटीला कळवलं — सही कर, नाहीतर महिनाभर येऊन राहा. दोन्हींपैकी एक.

उत्तर आलं, "ताई, थोडं थांबशील?" सोबत आणखी एक लिंक! 'सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी.' फोन आपटला. काच फुटली नाही हेच नशीब.

१३ मार्च, शुक्रवार

शाळेचे चाळीस शर्ट सोमवारी द्यायचेत. आई मध्ये मध्ये येते, कापड ओढते, दोरा तोडते. शेवटी वर्गात सांगितलेलं करून पाहिलं. जुन्या कपड्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला, छोटी कात्री दिली, म्हटलं हे तेवढं उसवून द्या. तिने एक फ्रॉक उचलला, उलटा केला, शिवण बघितली, बाजूला टाकला. "यात उसवण्यासारखं काय आहे?"

हे पुस्तिकेत नव्हतं.

१५ मार्च, रविवार

काय लिहू!

सकाळी चादरी धुवायला आणि आंघोळीला गेले. दोन तास लागले असतील. बाहेर येऊन बघते तर आई जमिनीवर बसलेली, हातात ती छोटी कात्री, मांडीवर गणवेशाचा शर्ट. भोवती बाह्या पडलेल्या. नुसत्या बाह्या! मी किंचाळले. तिने मान वर केली नाही. अजून एक टाका कापला. मी तिच्या हातावर मारलं.

मारलं. दुसरा शब्द शोधणार नाही. चांगलं जोरात. तिने तो हात दुसऱ्या हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "उद्यापासून येऊ नका."

मला माझ्या आईने कामावरून काढलं.

दुपारी शर्ट आवरायला बसले. चाळीसांपैकी सातच उसवलेले. आणि ढिगातले वरचे सात नव्हेत — मधूनमधून काढून घेतलेले. मग नीट बघितलं. सातही शर्टांना मी डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली होती. डोळ्यांवर झापड असताना शिवलं की असंच होणार. पोरांना खांद्यात ओढलं असतं, शाळेने सगळे परत पाठवले असते. उरलेले तेहतीस तपासले. बरोबर. तिने एकालाही हात लावलेला नाही. म्हणजे हात लावला होता — प्रत्येकाला लावला असणार — आणि ठेवून दिला होता.

तिला माझं नाव सांगता येत नाही. माझी चूक मात्र बरोबर सापडते. पान पाच तिने वाचलेलं नाही!

हसू आलं आणि त्यातच रडू आलं. सात शर्ट पुन्हा शिवले. तिच्या हातावर लाल झालंय.

१७ मार्च, मंगळवार

वर्गात सांगून टाकलं, मी आईला मारलं म्हणून. कंडक्टर काकांनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. हसऱ्या बाई पहिल्यांदाच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी माझ्या सासऱ्यांना एकदा खोलीत कोंडून ठेवलं होतं. अख्खी दुपार. दार वाजवून वाजवून थकले ते."

मी विचारलं, "आणि ही पुस्तिका?"

"ती त्यानंतर लिहिली."

घरी येऊन पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. मुखपृष्ठ अजूनही आवडत नाही.

१९ मार्च

दोन दिवस आई मला मशिनला हात लावू देईना. काढून टाकलेली बाई ना मी! आज तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, चुकलं माझं. कामावर परत घ्या." तिने एक चिंधी दिली. सरळ शिवण घालून दाखवा म्हणाली. घातली. तिने नखाने टाके चाचपले, उजेडात धरले, मला ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "ठीक आहे. बसा."

इतकं बरं मला गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं. खरंच सांगते.

२४ मार्च, मंगळवार

वर्ग चुकला. सकाळपासून तीन चादरी. आंघोळीला येईना, मला चावली, मग भिंतीकडे तोंड करून तासभर "थोरले, थोरले" हाका मारत बसली. मी ओ दिली तर "तुम्ही नाही!" म्हणून खेकसली. सात शर्टांच्या बाह्यांनी चादरी धुतल्या जात नाहीत. मला ती खाट हवी. मला एक दुपार सलग झोपायचंय. लाज वाटते का? वाटते. तरी हवी.

२६ मार्च

धाकटीला लिहिलं, रविवारी सही करायला आली नाहीस तर आईला गाडीत बसवून तुझ्या दारात आणून सोडीन. माझी खरंच तयारी आहे.

चक्क उत्तर! "येते. आम्ही दोघंही येतो."

आता कशी आली वठणीवर! मेहुण्यांसमोरच सगळं बोलणार आहे. कळू दे त्यांनाही, बायको किती कामाची आहे ते.

२९ मार्च, रविवार

आले. मेहुण्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. दारातच मला नमस्कार करून म्हणाले, "इथे गणवेश शिवून मिळतात ना?" मला वाटलं थट्टा करतायत. धाकटीने त्यांचा हात धरून ठेवला होता. म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई. ते सगळे व्हिडिओ मी यांच्यासाठी बघत होते. जे उपयोगी पडलं ते तुला पाठवत गेले." तिच्या मनगटावर दातांचे वळ होते. मग अगदी हळू म्हणाली, "ती खाट…" आणि नवऱ्याकडे बघितलं.

संस्थेचा फॉर्म मीच भरला. नाव मेहुण्यांचं. वय चोपन्न.