रविवारी वीरगळ बघायला

बाबा,

उपमा झाकून ठेवलाय, गार व्हायच्या आत खा.

रविवारी आपण दोघं कस्तुरबा रोडच्या म्युझियमला जाऊ. तिथे जुने वीरगळ आहेत आणि शेजारी चित्रांची गॅलरी आहे. तुमचा मुलगा म्हणतो, बाबांना आग्रह करू नकोस. मी करणार.

चुकीच्या बसने इथल्या शिवाजीनगरला गेलात, तेव्हापासून तुम्ही फाटकाबाहेर पडला नाहीत. कन्नड पाट्या मलाही वाचता येत नाहीत, बाबा. मी रोज कंडक्टरला विचारूनच चढते. पण दगडात कोरलेलं मला कोण समजावणार? नागपुरात इतकी वर्षं पोरांना चित्रकला शिकवलीत, आता मला शिकवा. बसचं मी बघते.

यायचं असेल तर एक पेन्सिल तासून टेबलावर ठेवा. संध्याकाळी मी काही विचारणार नाही.

प्रणिता