चांदणीला वाढं घालू नका

मामा,

बादलीची कडी वाजली म्हणून मी परड्यात धावले. वाटलं, चांदणी उठून पाणी मागतेय. पण बादलीला मांजराचा धक्का लागला होता. घोडी अजून आडवीच आहे आणि तिचे खूर हाताला फार गरम लागतात. डॉक्टरांचा फोन लागेना, म्हणून त्यांना आणायला मी कागलला निघाले.

तुम्ही डेअरीवरून आलात की तिच्या खुरांवर गार पाणी सोडत राहा. बाकी दोन्ही घोड्यांना माळावर सोडा, पण ऊन चढायच्या आत आणा. चांदणीला वाळलेलं गवतच द्या. उसाचं हिरवं वाढं म्हशीला मानवतं पण घोड्याच्या खुरात उतरतं, हे डॉक्टर काल सांगेपर्यंत आपल्या घरात कुणाला ठाऊक होतं? टांग्यातून सोडवून आणल्यापासून ती तुमच्याच हातचं खाते, म्हणून तुम्ही मायेनं घातलंत.

कालपासून तुम्ही जेवला नाहीत. भाकरी टोपलीत आहे.

मनाली चप्पल घालून दारात उभी आहे. सारखं विचारतेय, "आई, चांदणी उठल्यावर परत आजोबांच्या हातचं खाईल न्हवं गं?"