अब्बांचा काढा

यवत, शुक्रवार

प्रिय गौतमी,

आरिफभाई गाडी चालू ठेवून दारात उभा आहे, तरी सगळं लिहिते.

अब्बांनी नजमुन्निसाखालाशी निकाह केला, तेव्हापासून मी तिच्यावर पाळत ठेवून होते. तुझ्या भांडगावची म्हणून तू तिची बाजू घ्यायचीस, त्याचाही मला राग यायचा. अब्बांना साखर. मागे तू आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतंस, की सदाफुलीतून रक्ताच्या कॅन्सरचं औषध काढतात, आणि तिच्याच कुळातल्या कण्हेरीचं विष काळीज बंद पाडतं. अब्बांनी त्यातली सदाफुली तेवढी धरली, साखरेवरही चालेल म्हणून. रोज पहाटेची नमाज झाली की कब्रस्तानात जायचं, अम्मीच्या कबरीवरच्या सदाफुलीचा पाला आणायचा, स्वतःच खलबत्त्यात कुटायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. उकळायचं तेवढं खालाकडे.

मागच्या महिन्यात त्यांना उलट्या झाल्या, मग आपोआप थांबल्या. मला तेव्हाच खटकलं. सोमवारी माहेरी आले तर काय बघते, ही बाई कुटलेला पाला मोरीत ओततेय आणि डब्यातलं काहीतरी पातेल्यात टाकतेय! मी आकाशपाताळ एक केलं. विष घालतेस का म्हणाले गं, शेजारपाजारच्या देखत. ती भांडली नाही. पिशवी घेतली, आणि उंबऱ्यात एवढंच म्हणाली, त्यांनी कुटलेलं त्यांना देऊ नकोस. मला वाटलं, बघा, अजून डाव खेळतेय.

मंगळवारपासून काढा मी केला. बुधवारी उलट्या. काल म्हणाले, भिंती पिवळ्या दिसतात. तिचंच विष अंगात उरलंय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले, आणि वर अजून एक पेला पाजला.

आज त्यांना उठवेना, म्हणून पाला आणायला मी गेले. सदाफुली गवत काढताना कुणीतरी कधीच बुडख्यापासून छाटलीय. शेजारी गुलाबी कण्हेर, आणि तिचे कोवळे शेंडे खुडलेले. साखरेनं अब्बांची नजर अधू झालीय गं, गुलाबी फूल दिसलं की त्यांना अम्मीचीच सदाफुली. घरी येऊन खालाचा डबा उघडला. मेथ्या होत्या.

डॉक्टरांना मी कण्हेर सांगितलीय. ठोके फार मंद आहेत, ससूनला नेतोय. खाला भांडगावात तिच्या भावाकडे आहे. मी बोलावलं तर ती येणार नाही, आणि का यावं? तू जा. माझ्या वतीनं तिचे पाय धर. अब्बा मघाशी डोळे न उघडताच विचारत होते, काढा आज नजमूनं का नाही आणला.

तुझीच,
फरहत