जपानी गाण्याचा आपला शेवट

बाबा, आज भाजी निवडता निवडता तुमची आठवण आली, आणि तीही त्या जपानी कार्टूनमुळे. ऐकून तुम्ही हसला असता. माझ्या लेकानं मोबाइलवर त्या मालिकेचं शेवटचं गाणं लावलं, अख्खं. बाबा, ते संपतं हो! आपल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये ते कधी संपलंच नाही.

रविवारची सकाळ. तुम्ही नाइट करून आलेले, डोळे लाल, प्लांटचा शर्ट अजून अंगातच. सुरुवातीचं गाणं हिंदीत, ते साऱ्या कॉलनीला पाठ. शेवटचं मात्र जपानीतच ठेवलेलं, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली की दोन ओळींत ते कापून जाहिराती सुरू. तुम्हाला नेमकं तेच आवडायचं. ते टेप करायला टेपरेकॉर्डर टीव्हीला टेकवून तुम्ही बसता, आम्हाला श्वास घेऊ देत नाही, आणि तेवढ्यात आईच्या कुकरची शिट्टी होते. "अवं, बंद कर ना थे!" तुम्ही ओरडता. "कावून बंद करू? वरण काय जपानवरून येऊन राहिलं का?" आई आतून विचारते.

गणपतीत पोरांच्या कार्यक्रमात ते गाणं बेंजोवर वाजवायचं तुम्ही ठरवलंत. मंडळाचे काका बिथरले, "बाप्पासमोर कार्टून?" तुम्ही म्हणालात, "बाप्पाले काय जन्मभर आपल्या म्हाताऱ्यायचंच ऐकावं लागते का?" पण गाण्याला शेवट कुठे होता? मग तो तुम्हीच लावलात. मला समोर बसवून, बेंजोची बटणं दाबत म्हणालात, "आता थे कार्टूनातलं पोरगं घरी चाललं, बाई. रस्ता लंबा आहे, अन् घरी कोणी आहे का नाही, त्याले मालूम नाही." शब्द नव्हतेच, मी नुसती आकारात गायचे. मांडवात कोणाला कळलं नाही, जपान कुठे संपलं आणि बाबा कुठे सुरू झाले. मला कळत होतं, आणि छाती नुसती फुलून आली होती.

तुमची छाती मात्र त्या हिवाळ्यात भरली ती भरलीच. हॉस्पिटलात खोकल्याची उबळ थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "आपला शेवट ध्यानात ठेवजो, बाई. टेपवर नाही आहे थो." मी मान हलवली. तुम्ही गेलात, आईनं बेंजो देऊन टाकला, तिला तो बघवेना. घरात गाणं म्हणून उरलं नाही. मीही मोठ्यानं कधी म्हटलं नाही, रडू येईल म्हणून. मनात आहे, जातं कुठे, असंच वाटायचं.

आज लेकाला म्हटलं, "हा शेवट काहीच नाही, थांब, तुला आजोबांचा ऐकवते." सुरुवात केली, एक ओळ आली, आणि पुढे काही नाही. डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिथेच अडले. मेलं, इतकी वर्षं जपलं ते असं जावं! लेक माझ्या तोंडाकडे बघून राहिला होता. मग मी सुचेल तसं पुढचं जोडून टाकलं.

त्याला फार आवडलं. आता घरभर तेच गुणगुणून राहिला आहे, आजोबांचं म्हणून. हे पत्र टाकायला पत्ता नाही तेच बरं. बाबा, तो गातो आहे ते तुमचं नाही. तुमचं माझ्याकडून हरवलं.