दारापर्यंत

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ओळी उतरणीला लागल्यात, पण अक्षर तुमचंच आहे, म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. जीव भांड्यात पडला. थेंब वेळच्या वेळी घालताय ना? आणि डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय ते तुम्हालाच म्हटलंय, शेजारच्या काकूंना नाही. कुंड्यांना त्या पाणी घालतील. टाके विरघळले की मला कळवा, चष्मा मी आमच्या दुकानातूनच करून पाठवीन. तुमच्या नाकाचं माप मला पाठ आहे.

इकडे घराचं काम संपलं. खरंच संपलं, थट्टा नाही. घर घेतलं तेव्हा तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाला होतात, "अगं, हे घर आहे की भूकंपाचा पुरावा?" आता बघाल तर ओळखणार नाही. न्हाणीघराच्या फरश्या मी स्वतः बसवल्या. उतार जरा चुकलाय, दाराशी पाणी साचतं. तुमचा मुलगा त्याला 'तुझा तलाव' म्हणायचा. त्याने केलेली कपाटं मात्र एक नंबर, एकही दार कुरकुरत नाही. मागच्या खिडकीखाली सशांचं घरही त्यानेच केलं. दुमजली, वर चढायला फळी, पुढे जाळी.

'वकिलीणबाई' मजेत आहेत. तुम्हाला आठवतेय ना, काळी, गळ्याखाली पांढरा पट्टा? अजून प्रत्येक गोष्टीवर हरकत घेते, मागचा पाय धाडकन आपटून. ड्रिल सुरू केलं की हरकत, झाडू काढला की हरकत.

तिचा जोडीदार ढब्बू गेला, आई. गेल्या महिन्यात. फोनवर सांगायचं राहिलं.

राहिलं असं नाही, सांगितलं नाही. तुम्ही पत्रात विचारलंय, "हल्ली फोनवर एकेकटेच का बोलता? पूर्वी एकमेकांच्या हातातून फोन ओढायचात." तेही फोनवर सांगता आलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की मला धड बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

शेवटच्या कपाटाला मूठ बसवली तो रविवार होता. आम्ही चहा घेऊन फरशीवरच बसलो. त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "आता काय?"

"आता काही नाही. झालं."

त्याने कपातला चहा संपवला आणि म्हणाला, "ओटा परत तोडूया का?"

मी हसले, तोही हसला. मग ते हसू कुठे ठेवावं दोघांनाही कळेना.

इतकी वर्षं आमचं बोलणं म्हणजे 'टेप धर', 'भिंतीची पुट्टी वाळली का', 'हा स्क्रू नको, तो दे'. त्यातच रुसवे, त्यातच चेष्टा. तो प्रेसमधून यायचा, मी दुकानातून यायचे, की लगेच कामाचे कपडे. मला वाटायचं, यालाच संसार म्हणतात. काम संपल्यावर संध्याकाळी समोरासमोर बसलो की पाहुण्यांसारखं व्हायला लागलं. मी विचारायचे, "जेवण बरं झालंय ना?" तो म्हणायचा, "हो, छान." भांडण नाही, तंटा नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

त्यातच ढब्बूने खाणं सोडलं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, पोट चोळायला सांगितलं. आम्ही आळीपाळीने चोळत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बू याच्या मांडीवरच गेला. याने मागच्या अंगणात खड्डा खणला, मी जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला.

मी न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर आले तर हा दिसेना. जिन्याचं दार ढकललं, तर वरच्या पायरीवर पाठ करून बसलेला, खांदे हलत होते. हात लांब केला असता तर पोचला असता. मी तशीच मागे फिरले आणि भांडी घासायला घेतली.

पुढे एकदा तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "त्या दिवशी नळाचा आवाज ऐकला मी. दारापर्यंत आलो होतो."

आई, मीही त्याच्या दारापर्यंत गेले होते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मग आम्ही खूप बोललो, लग्नानंतर बोललो नव्हतो इतकं. कोणी कोणाला दोष दिला नाही. पण बोलणं जिथे येऊन थांबलं, ते आम्हाला दोघांनाही पटलं होतं. त्याने प्रेसजवळ खोली घेतलीय. गेल्या शनिवारी गेला.

वकिलीणबाईवरून मात्र खरी हुज्जत झाली. "तू ठेव, तिला या घराची सवय आहे." "तू ने, ती तुझ्याच पायावर बसते." कितीतरी महिन्यांनी आम्ही आवाज चढवून बोललो, तेही एकमेकांसाठी. शेवटी मी जिंकले. तो तिला घेऊन गेला. टोपलीतून जाताना तिने पाय आपटला, तेव्हा दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

तुम्हाला सांगायला तो धजत नव्हता. म्हणाला, "आईला तू लिही, तुझं ती ऐकते." म्हणून ऐका. कोणाचं चुकलं ते शोधू नका. मी खूप शोधलं, हाताला काही लागत नाही. मला समजवायला येऊ नका, येऊन राहायला मात्र केव्हाही या. पण आधी त्याला बोलावून घ्या. तो आल्यावर लगेच काही विचारू नका, नुसत्या जवळ बसा. रडला तर रडू द्या, आणि उठून जाऊ नका.

डोळ्याला ताण देऊ नका. हे पत्र पुन्हा पुन्हा वाचू नका.

तुमची,
पुढचा शब्द मला लिहवत नाही. तो तुम्हीच ठरवा, आणि त्याच नावाने मला उत्तर पाठवा.