अर्धा आटा मागे

नाना, रविवारी वारज्याला तुमची गाडी पाहिली. मांजरी गावच्या बागायतदारांची ती लाकडी स्टेशन वॅगन, लढाईतल्या ट्रकच्या चॅसिसवर आपण बांधलेली. इतकी वर्षं त्यांच्या गोदामात पडून होती म्हणे. आता एका तरुण मुलाने विकत घेतली आहे. कॉम्प्युटरची कंपनी आहे त्याची, आणि जुन्या गाड्यांचं वेड. कुठून तरी माझा पत्ता काढून स्वतः न्यायला आला. म्हणाला, "काका, ज्यांनी बांधली त्यांचा मुलगा अजून आहे हे कळल्यावर राहवलंच नाही." मी म्हटलं, आहे खरा, पण बघायचं असेल तर लवकर बघून घ्या. तो हसला. तुम्ही हसला नसतात, तुम्ही म्हणाला असतात, आधी गाडी दाखवा.

गाडी पाहिली आणि टिंबर मार्केटमागची आपली शेड डोळ्यांपुढे आली. लष्कराने लिलावात काढलेले ट्रक यायचे. पुढे इंजिन, खाली चार चाकं, बाकी सगळा सांगाडा. त्यावर तुम्ही सागवानाची बॉडी चढवायचात. दाराच्या कमानीला फर्मा लावून लाकूड तासायचात, आणि वॉर्निशचा शेवटचा हात फक्त तुमचा. मला तो ब्रश धरायला मिळाला नाही कधी. ज्या गाडीत शेणखत जायचं तिच्यातून लोक लग्नाला जायला लागले, असं आई म्हणायची. मला आठवतं, तुम्ही गाडीखाली पोत्यावर उताणे पडला आहात, मी शेजारी बसून एकेक वस्तू हातात देतो आहे. जिथे लाकूड लोखंडावर बसतं तिथे आधी चामड्याचा जाड तुकडा, मग बोल्ट. नट कच्चून आवळायचा, मग अर्धा आटा मागे फिरवून घ्यायचा, आणि तो तिथेच राहावा म्हणून वर दुसरा नट. मी विचारलं, मागे कशाला घ्यायचा, घट्टच असू दे की. तुम्ही खालूनच म्हणालात, "ट्रक आहे तो. खड्ड्यात गेला की अंग पिळतो. लाकडालाही पिळायला लावलंस तर ते फाटेल. कुरकुरू दे त्याला. कुरकुरतंय तोवर शाबूत आहे." त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत तुम्ही एक नवाकोरा पाना ठेवलात, आणि पूजा झाल्यावर तो माझ्या हातात दिलात. मला इतका आनंद झाला होता की जेवताना तो मी मांडीवर ठेवला आणि आईची बोलणी खाल्ली.

त्याच पान्याने मी घात केला. तुम्ही तीन दिवस वाईला आत्याकडे गेला होतात. जाताना बजावलं होतंत, मांजरीची गाडी आली तर उभी करून ठेव, मी आल्यावर बघू. गाडी दुसऱ्याच दिवशी आली. ड्रायव्हर म्हणाला, "लई कुरकुरतीया. मालक वैतागल्यात. म्हनत्यात, ही गाडी हाय का बैलगाडी?" तेवीस वर्षांचा होतो मी, लहान नव्हतो. ठेवायची होती उभी करून. पण मला वाटलं, नाना जुन्या वळणाचे, आपण करून दाखवू. मी गाडीखाली शिरलो, मागच्या बाजूची आठही चामडी काढून एका पत्र्याच्या डब्यात टाकली, आणि तुमच्या पान्याने सगळे नट जीव खाऊन आवळले. लाकूड लोखंडाला असं चिकटलं की मधून कागद जाईना. ड्रायव्हर एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आयला, गप झाली की!" मालकांनी निरोप पाठवला, पोरगा बापाच्या पुढे गेला. हवेत होतो मी.

तुम्ही आलात. हातपाय धुवायच्या आधी विचारलंत, "काय केलंस गाडीचं?" मी म्हटलं, जरा आवळली. "किती?" आणि मी म्हणालो, "अर्धा आटा मागे ठेवून." नाना, त्या वेळी गाडी परत बोलावता आली असती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. माझ्यावर विश्वास ठेवलात तुम्ही.

पंधरवडाही गेला नाही. हडपसरच्या अलीकडे खड्ड्यात गाडी पिळली, मागच्या दाराचा खांब उभा फाटला, दार उघडलं आणि बागायतदारांच्या आई रस्त्यावर पडल्या. जीव वाचला, पण उजवं मनगट असं मोडलं की पुन्हा सरळ बसलं नाही. बागायतदार तीच गाडी दाराला दोर बांधून शेडवर घेऊन आले. चार गिऱ्हाइकं उभी होती. "माझ्या आईला मारायला निघाला होतात का हो?" असं ते ओरडत होते. तुम्ही पोतं अंथरलंत आणि गाडीखाली गेलात. मी रंध्यावर हात ठेवून उभा. तुम्हाला बाहेर यायला फार वेळ लागला. उठलात, धोतर झटकलंत आणि हात जोडून म्हणालात, "काम माझ्या शेडमधलं आहे. चूक माझी." बोल की लेका, बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो. आणि रंध्याच्या तोंडातल्या ढलप्या उपसत राहिलो. त्यांनी गाडीला आपल्याला पुन्हा हात लावू दिला नाही, घेऊन गेले. त्या दिवशी तुम्ही भाकरी अर्धी टाकून उठलात. आईने विचारलं तर म्हणालात, "काही नाही, मीठ जास्त झालंय." मीठ बरोबर होतं.

मग पुण्यात कोणी आपल्याकडे माणसं बसायची गाडी बांधायला दिली नाही. ट्रकचे फाळके ठोकायची कामं येत राहिली, तुम्ही ती मरेपर्यंत केलीत. कमानी तासणारा तुमचा हात, आणि आडव्या फळ्यांना खिळे मारत बसलात! मला एकदाही विचारलं नाहीत. पण तो डबा तुम्हाला सापडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या बाकाखालून उचलून हत्यारांच्या फळीवर ठेवलेला दिसला. आणि दर खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी यांना हळदकुंकू वाहून झालं की तुम्ही त्या डब्यालाही वाहायचात. मी आरतीचं तबक धरून शेजारी. दर वर्षी वाटायचं, आज विचारतील. तुम्हालाही वाटत असेल, आज सांगेल. राग येतो मला तुमचा, अजूनही येतो. दोन थोबाडीत मारल्या असत्यात तर सुटलो असतो मी.

तर रविवारी. त्या मुलाने बॉडी चॅसिसवरून उचलून ठेवली आहे. लाकडावरून मी हात फिरवला. कुठे कीड नाही, मागचा तो फाटलेला खांब सोडला तर सांधे तसेच. तो मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होता. म्हणाला, "काका, वर्कमनशिप एक नंबर आहे. पण एक कळत नाही. पुढे सगळीकडे लेदर पॅड आहेत, मागे एकही नाही. बोल्ट लाकडात रुतलेत. असं कोणी केलं असेल?" मोबाइल माझ्या तोंडासमोर. साठ वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो एका परक्या मुलाने विचारला, तोही इतक्या अदबीने. आणि मी म्हणालो, "वडिलांनीच. वय झालं होतं. हात थकला होता त्यांचा." तो हळहळला. म्हणाला, प्रदर्शनात गाडीपुढे पाटी लावणार आहे, त्यावर तुमचं नाव आणि ही माहिती लिहिणार आहे. तेव्हा तुम्ही पंचेचाळिशीचे होतात, नाना.

येत्या रविवारी बॉडी परत बसवायची आहे, त्याने मला बोलावलं आहे. जुनी चामडी कुठे मिळतील का असंही विचारलं. मी नाही म्हटलं. डबा माझ्या कपाटात आहे, झाकणावरचं कुंकू काळं पडलं आहे. चामड्यांना तेल लावून ती मी नेणार आहे, आणि नट मीच बसवणार, अर्धा आटा मागे. एवढं नक्की करीन. हा कागद पाठवायला तुमचा पत्ता नाही, तो त्याच डब्यात राहील. वर समासात एक ओळ खोडलेली आहे बघा. 'रविवारी त्या मुलाला खरं काय ते सांगीन' असं लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं आणि खोडलं. तुम्हाला पुन्हा एकदा खोटं सांगायला नको.